गाडी कुठं, कधी आणि किती वेगात बिघडते? असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये सेटअप लावण्याची माझी पद्धत

अलाइनमेंटला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एवढंच सांगतं, "गाडी ओढते." मग मी विचारते, कुठल्या बाजूला? ब्रेक मारल्यावर, की स्टिअरिंग सैल सोडल्यावर? कायम, की साठच्या वर गेल्यावरच? एवढं कळलं की निम्मं काम झालेलं असतं, कारण फक्त ब्रेक मारताना ओढणारी गाडी आणि कायम ओढणारी गाडी यांची दुखणी वेगळी असतात. कोल्हापुरात शिरोलीच्या बाजूला आमचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे. दिवसा मी खऱ्या गाड्यांचे टो आणि कँबर, म्हणजे चाकांचे कोन, लावते, रात्री असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळते. खेळातल्या गाडीलाही मी हेच प्रश्न विचारते. ज्यांना सेटअपचं, म्हणजे गाडीची जुळणी बदलायचं, पान उघडल्यावर इतके सगळे आकडे बघून काय हलवावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिते आहे.

इटलीच्या कुनोस सिम्युलाझिओनीचा हा खेळ २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप या खऱ्या शर्यतमालिकेचा तो अधिकृत खेळ आहे, त्यामुळे त्यातल्या मुख्य गाड्या जीटी३ वर्गातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या आहेत. मी उदाहरणासाठी बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ घेते. इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकांना, आणि चूक झाली तर सावरायला वेळ देणारी गाडी. ट्रॅक बेल्जियममधला स्पा-फ्रँकोरशाँ. ७.००४ किलोमीटरची लॅप लांब आहे खरी, पण ला सूर्ससारखं अगदी हळू वळण आणि पूओंसारखं वेगवान वळण एकाच लॅपमध्ये मिळतं. सेटअप शिकायला हाच फरक लागतो.

आधी परिस्थिती बांधून घ्या

एकट्याच्या प्रॅक्टिस सत्रात हवामान बदलतं ठेवू नका. आकाश निरभ्र, तापमान ठरलेलं, ट्रॅकची स्थिती ऑप्टिमम. पेट्रोल दर वेळी तेवढंच भरा, कारण तीस लिटरची गाडी आणि शंभर लिटरची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. खेळात प्रत्येक गाडीला सेफ आणि अ‍ॅग्रेसिव्ह असे तयार सेटअप मिळतात. वळायला आळशी वाटली तरी सुरुवात सेफवरून करा.

आता लॅप मारा आणि काहीच बदलू नका. सलग पाच लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत येईपर्यंत सेटअपचं पान बंदच ठेवा. हे मी फार आग्रहानं सांगते. तुमची स्वतःचीच लॅप दीड सेकंदानं वरखाली होत असेल, तर एका क्लिकनं मिळालेला किंवा गेलेला दशांश सेकंद तुम्हाला दिसणारच नाही. पंधरा बदल कराल आणि त्यातले कुठले कामाचे होते हे कधीच कळणार नाही.

इंटरनेटवरून एखाद्या फार वेगवान खेळाडूचा सेटअप आणून लावण्याबद्दलही इथंच सांगते. ते लोक मागचा भाग अर्धवट सुटलेला ठेवून गाडी वळवतात आणि ती ब्रेकच्या पायानं सांभाळतात. तुमचा पाय तसा तयार नसेल, तर तीच गाडी तुम्हाला तिसऱ्या लॅपला भिंतीत नेईल. वाचायला असे सेटअप उत्तम आहेत. आपल्या सेटअपशेजारी ठेवून बघा, कुठं किती फरक आहे आणि का असेल याचा विचार करा.

हवा

टायरची हवा सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते. ती ठिकाणं ठीक नसतील तर स्प्रिंग आणि विंगबद्दल बोलून उपयोग नाही.

सेटअपच्या पानावर दिसते ती थंड हवा. आपल्याला हवी असते ती गरम झाल्यावरची. खेळाच्या १.९ आवृत्तीपासून कोरड्या टायरची गरम हवा २६ ते २७ पीएसआयच्या मध्ये असावी लागते, मी साडेसव्वीसच्या आसपास धरते. त्याआधीचे जुने व्हिडिओ बघाल तर त्यांत साडेसत्तावीस वगैरे आकडे सापडतील, ते आता वापरू नका. पावसाळी टायरला साधारण ३० लागतात.

कृती सोपी आहे. तीन-चार लॅप पूर्ण जोरानं मारा, मग सरळ रस्त्यावर स्क्रीनवरच्या टायरच्या खिडकीत चारही आकडे वाचा. डावा पुढचा २७.३ असेल आणि तुम्हाला २६.६ हवा असेल, तर फरक ०.७, थंड हवेतून तेवढीच कमी करा. चारही चाकांचं वेगळं गणित करायचं. चारही थंड आकडे सारखे ठेवण्याचा हट्ट करू नका, कारण कुठल्या बाजूला जास्त भार पडतो हे ट्रॅक ठरवतो, आणि जास्त राबणारा टायर जास्त तापतो.

हवा जास्त झाली की टायर मधून फुगतो, टेकणारा भाग कमी होतो आणि गाडी घसरती वाटते. कमी झाली की टायरची भिंत लवते, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी उशिरा प्रतिसाद देते आणि टायर तापत जातो. हवामान बदललं तर हा हिशोब ठेवा: तापमान एक अंशानं घसरलं की गरम हवा साधारण ०.१ पीएसआयनं घसरते. दुपारी २८ अंशांत लावलेला सेटअप रात्री १८ अंशांत तसाच वापरला, तर जवळजवळ एक पीएसआय कमी पडेल आणि तुम्ही विनाकारण स्प्रिंग हलवत बसाल.

टायरबरोबर ब्रेकच्या हवानळ्याही इथंच बघून घ्या, म्हणजे ब्रेक डक्ट. त्या जास्त उघडल्या की ब्रेक थंड राहतात. बंद केल्या की ब्रेक तापतात आणि ती उष्णता रिमवाटे टायरमध्ये उतरून हवा वाढवते. म्हणून आधी डक्ट ठरवायचे, मग हवा. उलट क्रमानं केलंत तर हवेचं काम दोनदा करावं लागेल.

कँबर आणि टो

हे माझं रोजचं काम, म्हणून इथं थोडी थांबते.

समोरून बघितलं की चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं दिसतं, तो उणे कँबर. रस्त्यावरच्या साध्या हॅचबॅकला तो शून्य ते उणे एक अंशाच्या आत असतो. त्याहून जास्त झाला की गिऱ्हाईक टायर दाखवत येतं, "आतून खाल्लाय बघा." जीटी३ गाडीला मात्र पुढं उणे साडेतीन ते चारच्या आसपास आणि मागं त्याहून थोडा कमी लागतो. कारण वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं. आधीच आत झुकवून ठेवलेलं चाक नेमकं त्या क्षणी रस्त्यावर सपाट बसतं. आपल्या गल्लीत गाडी तशी कधी कलतच नाही, म्हणून तिथं तोच कँबर नुसता टायर खातो.

पण जास्त कँबरची किंमत सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना मोजावी लागते, कारण तेव्हा टायर फक्त आतल्या कडेवर उभा असतो. पुढच्या चाकांचं एबीएस लवकर खडखडायला लागलं आणि ब्रेकचं अंतर वाढलं, तर पुढचा कँबर दोन-तीन दशांशांनी कमी करून बघा.

टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची बोटं आत वळली आहेत की बाहेर. पुढं थोडा टो-आउट ठेवला की गाडी स्टिअरिंग फिरवताक्षणी वळायला लागते, पण सरळ रस्त्यावर ती शांत राहत नाही आणि टायरही घासतात. मागं टो-इन ठेवला की मागचा भाग स्थिर राहतो. मागचा टो मी शून्याच्या खाली, म्हणजे बाहेरच्या बाजूला, कधीच नेत नाही. खऱ्या गाडीत कँबर हलवला की टो आपोआप हलतो, त्यामुळे दुकानात टो नेहमी शेवटी लावतात. हाच क्रम खेळात ठेवला तर चांगली सवय लागते.

आता तक्रार मांडा

हवा बरोबर आहे, कँबर ठीक आहे, लॅप सारख्या येताहेत. आता गाडीबद्दलची तक्रार एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यातच: कुठल्या वळणात, वळणाच्या कुठल्या टप्प्यात, आणि किती वेगात. टप्पे चार धरा. ब्रेक मारताना, ब्रेक सोडत आत वळताना, मध्यावर, जिथं ना ब्रेक ना थ्रॉटल, आणि थ्रॉटल देत बाहेर पडताना. "गाडी अंडरस्टिअर करते", म्हणजे हवी तेवढी वळत नाही, ही तक्रार नव्हे. "पूओंच्या मध्यावर, एकशेऐंशीच्या आसपास, नाक बाहेर जातं" ही तक्रार.

वेग विचारायचं कारण असं. धावताना गाडीवरून वाहणारी हवा तिला रस्त्यावर दाबते आणि हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ला सूर्समध्ये गाडी पासष्टच्या आसपास असते, पूओंमध्ये एकशेऐंशीच्या वर. वेग पावणेतीन पट, म्हणजे हवेचा दाब जवळजवळ आठपट. त्यामुळे दुखणं फक्त वेगवान वळणात असेल तर एरोच्या पानावर जायचं, आणि फक्त हळू वळणात असेल तर मेकॅनिकलच्या पानावर. ला सूर्समधून निघताना गाडी फिरते म्हणून मागची विंग वाढवणारे खूप जण असतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! पासष्टच्या वेगात विंग काही करत नाही, आणि पुढच्या केमेल सरळीवर मात्र तुमचा वेग कमी होतो.

हळू वळणाच्या मध्यावरची तक्रार असेल तर अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी. तो का चालतो हे समजलं की दिशा कधी चुकत नाही. वळणात आतल्या चाकांचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. टायरवर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे एका धुरेवर जितकं जास्त वजन आतून बाहेर सरकेल, तितकी त्या धुरेची एकूण पकड घटते. बार कडक केला की गाडीचं कलणं थांबवायचं काम ती धुरा जास्त करते आणि सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा तीच उचलते. म्हणून जिथं कडक कराल तिथली पकड जाईल. नाक वळत नसेल तर पुढचा बार सैल करा किंवा मागचा कडक. शेपूट सुटत असेल तर उलट. स्प्रिंगलाही हाच नियम आहे. खेळात तिला व्हील रेट म्हणतात, पण तिची पायरी मोठी असते, म्हणून आधी बार.

आत वळताना, थ्रॉटल सोडल्यासोडल्या मागचा भाग घाबरवत असेल तर डिफरेन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा, प्रीलोड बघा. तो वाढवला की थ्रॉटल नसतानाही मागची दोन्ही चाकं एकमेकांना धरून ठेवतात, गाडी शांत आत जाते आणि थोडी कमी वळते. कमी केला की मोकळी वळते. तयार सेटअपमधून थेट अर्ध्यावर आणू नका, दोन-तीन क्लिक पुरतात.

ब्रेक सोडत वळतानाचं दुखणं असेल तर ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी. पुढं नेला की गाडी सरळ आणि सुरक्षित थांबते पण नाक जड होतं. मागं आणला की नाक आत येतं, आणि फार आणला तर शेपूट पुढं येतं. शर्यत चालू असताना बटणानं बदलता येतो, म्हणून स्टिअरिंगवर त्याला जागा द्याच.

वेगवान वळणांसाठी गाडीची उंची आणि विंग. पुढची उंची कमी केली की खालची हवा जोरात ओढली जाते आणि नाकाला पकड मिळते. मागची वाढवली तरी तोल पुढं येतो. विंग वाढवली की मागं पकड वाढते आणि सरळीवरचा वेग घटतो. इथं एकेक मिलिमीटर जाणवतो. स्पावर पुढून फार खाली जाऊ नका, कारण ओ रूजच्या खळग्यात गाडी दाबली जाते. तिथं नाक जमिनीला घासलं तर चढावर वळायच्या ऐन वेळी पकड निसटते.

बंपस्टॉप हा भाग लोक वगळतात, पण या खेळात तो महत्त्वाचा आहे. सस्पेन्शन ठरावीक अंतर दबल्यावर रबराच्या त्या ठोकळ्यावर टेकतं आणि एकदम कडक होतं. पुढच्या बंपस्टॉपची रेंज कमी असेल तर नाक लवकर टेकतं, खाली जाणं थांबतं, आणि वळणाच्या मध्यावर अंडरस्टिअर अचानक सुरू होतं. ही खूण लक्षात ठेवा. हळूहळू वाढणारं अंडरस्टिअर बार-स्प्रिंगचं असतं, एका क्षणी धाडकन येणारं बहुतेक बंपस्टॉपचं.

डँपर, म्हणजे आपल्या भाषेत शॉकअप, नवीन खेळाडूनं शेवटी हात लावावेत. बंप म्हणजे शॉकअपचं दबणं, रिबाउंड म्हणजे परत उघडणं. स्लो बंप आणि स्लो रिबाउंड तुमच्या हातापायांच्या हालचालींना उत्तर देतात, फास्ट बंप आणि फास्ट रिबाउंड कर्ब (वळणाच्या कडेच्या उंच पट्ट्या) आणि खड्ड्यांना. कर्बवरून गाडी उडत असेल तर फास्ट बंप कमी करा. बाकी काही महिने तसेच राहू द्या.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा तक्रार अशी आहे: पूओंच्या मध्यावर नाक बाहेर जातं, आणि ला सूर्समधून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना शेपूट सुटतं. हे अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर (शेपूट सुटून जास्त वळणं) दोन्ही आहे, म्हणून माणूस गोंधळतो. पण वेग वेगळे, टप्पे वेगळे, म्हणजे औषधंही वेगळी आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

आधी पूओं. मागची उंची एक-दोन मिलिमीटर वाढवा. फक्त तेवढंच. चार लॅप मारा. नाक आलं का? आलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची: ब्लांशिमाँ या वेगवान वळणात मागचा भाग हलका तर झाला नाही ना. झाला असेल तर एक मिलिमीटर परत घ्या. वेगवान वळणात एक दशांश मिळवून गाडीवरचा भरवसा घालवणं परवडत नाही.

मग ला सूर्स. मागचा अँटी-रोल बार एक क्लिक सैल. परत चार लॅप. आता मागची चाकं जोर धरतात, पण रिव्हाजच्या लांबलचक उजव्या वळणात नाक थोडं आळशी झालेलं जाणवेल, कारण बारचा तोल पुढं सरकला. मग पुढचा बार एक क्लिक सैल करा. आता बस स्टॉप नावाच्या वळणजोडीतल्या उजव्या-डाव्या पालटीत गाडी आधीपेक्षा हळू पालटत असेल तर पुढचा बार परत कडक करा आणि रिव्हाजचा आळस मान्य करा. असा सौदा प्रत्येक सेटअपमध्ये करावाच लागतो. कुठल्या वळणानंतर लांब सरळ रस्ता आहे ते बघून बाजू घ्या. ला सूर्समधून नीट निघालेला वेग राइडियाँचा चढ चढून केमेलच्या टोकापर्यंत साथ देतो, म्हणून तिथली पकड मी सोडत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनची ताकद आवरणारी यंत्रणा) एकानं वाढवून ला सूर्सचा प्रश्न लवकर सुटला असता हे खरं. पण तो वाढवल्यावर प्रत्येक वळणातून निघताना इंजिनची ताकद कापली जाते. म्हणून सेटअप लावताना ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस एका जागी ठेवा. सगळं झाल्यावर ते एकेक पायरी कमी करून बघा; जिथं चाकं घसरून फिरायला किंवा ब्रेक लॉक व्हायला लागतील त्याच्या एक पायरी वर थांबा. गेमपॅडवर खेळत असाल तर थ्रॉटलच्या ट्रिगरला पायाइतकी बारीक हालचाल नसते, तेव्हा एक-दोन पायऱ्या जास्तच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

गाडी बदलली की आकडे सोबत नेऊ नका, पद्धत न्या. पोर्शे ९११ जीटी३ आर घेतलीत तर इंजिन मागच्या धुरेच्याही मागं आहे. नाक हलकं, म्हणून ब्रेक पूर्ण सोडून वळवलं की ती सरळ जाते. ब्रेकवर हलका पाय ठेवून नाकावर वजन टिकवलं की सुंदर वळते. तिथं प्रीलोड आणि बायसनं आधी सुरुवात करावी लागते.

तासाभराच्या शर्यतीसाठी सेटअप लावताना पूर्ण पेट्रोल भरून किमान अर्धा तास सलग चालवून बघा. क्वालिफायिंगमध्ये छान वाटणारं मोकळं शेपूट टायर झिजल्यावर सांभाळणं अवघड जातं. ब्रेक पॅडही इथंच निवडायचे: पॅड १ चावरा पण लवकर झिजणारा, पॅड २ लांब शर्यतीसाठी, पॅड ३ पावसासाठी. एका तासाला पॅड १ आरामात पुरतो.

प्रत्येक टप्प्यावर सेटअप नव्या नावानं साठवा, आधीच्यावर लिहू नका. नावात ट्रॅक, हवेचं तापमान आणि शेवटचा बदल एवढं असलं तरी पुरतं: "स्पा २२ अंश मागचा बार ३". शेजारी वहीत लॅपची वेळ आणि तक्रारीचं वाक्य लिहा. पुढच्या वेळी २२ ऐवजी ३० अंश असतील तर त्याच फाइलमध्ये थंड हवा ०.८ नं कमी करून चार लॅप मारा आणि चारही आकडे पुन्हा वाचा.